खासदारहो, आमच्या पोरांच्या कर्जावरचं व्याज आधी थांबवा

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन, तूर, थोडा कापूस एवढीच माझी शेती. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला. त्याच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे, आणि त्या सहीपायी बँकेने मला पीककर्ज नाकारलं. पत्र लिहायला बसलो ते या कारणाने. पण आमच्या एका गावात अशी कर्जं घेतलेली घरं बोटावर मोजण्याइतकी नाहीत, आणि तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मतदारसंघात अशी गावं आहेत. म्हणून हे पत्र खुलं.

शैक्षणिक कर्ज माफ करावं की करू नये, हा वाद देशात काही वर्षं चालू आहे. २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की असा कोणताही प्रस्ताव सरकारपुढे नाही. २०२४ च्या निवडणुकीत काँग्रेसने जाहीरनाम्यात लिहिलं की १५ मार्च २०२४ रोजी थकीत असलेलं शैक्षणिक कर्ज व्याजासह एकदाच माफ करू आणि बँकांना सरकारकडून भरपाई देऊ. निवडणूक झाली. वचन देणारे विरोधी बाकांवर बसले, नाही म्हणणारे पुन्हा सत्तेत आले, आणि दोन्हीकडून विषय बंद झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक ८६० संस्था, विनातारण विनाजामीन कर्ज, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, तीही हप्ते सुरू होईपर्यंतच. योजना चांगली आहे, पुढच्या पोरांना तिचा उपयोग व्हावा. पण ज्यांचं शिक्षण संपलं, ज्यांचे हप्ते आज थकताहेत, त्यांच्यासाठी तिच्यात एक ओळसुद्धा नाही. आमची पोरं दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर राहिली. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

आधी हिशेब मांडतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे कर्ज कधी काढलेलं नसेल.

मुलाने २०१८ मध्ये प्रवेश घेतला. चार वर्षांत चार लाख, दर वर्षी एक. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. त्याला मोरॅटोरियम म्हणतात. या काळात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. व्याज ११ टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचं. मिळून १ लाख ५४ हजार. पोराने एक रुपया कमावलेला नसताना हे व्याज चढतं, आणि हप्ता सुरू होण्याच्या दिवशी मुदलात मिसळलं जातं. म्हणजे चार लाखांचं कर्ज ५ लाख ५४ हजारांचं होतं आणि त्या सगळ्या रकमेवर पुन्हा ११ टक्के सुरू. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ७,६०० च्या वर जातो आणि एकूण फेड ९ लाख १५ हजारांच्या पुढे. मुदत पंधरा वर्षांची करून घेतली तर हप्ता ६,३०० पर्यंत उतरतो, पण फेड सव्वाअकरा लाखांच्या वर.

मुलगा पास झाला २०२२ मध्ये. कॉलेजची मधली वर्षं कोरोनात मोबाईलवर गेली, वर्कशॉप बंद होतं, फी मात्र चालू होती. चाकणला एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. हातात चौदा हजार. त्यात खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं. हप्ता भरता यावा म्हणून तो रात्रपाळी मागून घ्यायचा, कारण रात्रपाळीला कॅन्टीनचं जेवण फुकट. ट्रेनीचा करार संपला, तो पुन्हा केला नाही. नवी नोकरी लागेपर्यंत हप्ते राहिले. नव्वद दिवस उलटले आणि खातं एनपीए झालं, म्हणजे बँकेने ते बुडीत धरलं. आज तो पुन्हा कामाला आहे, जमेल तेवढं भरतो आहे, पण खात्यावर बसलेला शिक्का पुसलेला नाही.

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार व्याजाची. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं माझं पीककर्ज केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शून्य टक्क्याला पडतं. सरकारने हे ठरवलं, कारण शेती चालणं देशाच्या गरजेचं आहे. त्याच घरातलं पोर शिकायला निघालं तर ११ टक्के. शिक्षण देशाच्या गरजेचं नाही का? आणि ज्या काळात ते वर्गात बसलेलं असतं, त्या काळाचं व्याज घ्यायचं कशासाठी?

यावर अधिकारी सांगतात, व्याज अनुदानाची योजना आहे की. आहे. २००९ पासून केंद्राची योजना आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याचं मोरॅटोरियममधलं सगळं व्याज सरकार भरतं. आमचं उत्पन्न त्याहून कितीतरी कमी, तहसीलदाराचा दाखला आहे. पण २०१८ पासून तिला अट घातली, संस्थेला नॅकचं मूल्यांकन हवं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता हवी. या दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था. माझा मुलगा सरकारच्याच कॅप राउंडमधून, म्हणजे सामायिक प्रवेश फेरीतून गेला. कॉलेजला एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता होती, विद्यापीठाची संलग्नता होती, राज्याची फी सवलतही तिथे चालत होती. नॅक नव्हतं. संस्थेने नॅक करून घेतलं नाही, तिला चालवायला परवानगी सरकारने दिली, आणि अनुदान गेलं पोराचं. ज्या कॉलेजात प्रवेश द्यायला सरकारला अडचण वाटली नाही, त्या कॉलेजातल्या गरीब पोराचं व्याज भरायला अडचण का वाटावी? याचं उत्तर मला बँकेत मिळालं नाही, समाजकल्याण कार्यालयात मिळालं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

दुसरी तक्रार सहकर्जदाराची. चार लाखांपर्यंत तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आम्हाला तरीही विमा पॉलिसी ठेवायला सांगितलं होतं. ती नव्हती म्हणून कर्ज महिनाभर अडलं आणि पहिल्या वर्षाची फी सावकाराकडून भरली. ते जाऊ द्या. मोठं दुखणं पुढे आहे. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेत गेलो. सात-बारा, आठ-अ, पीकपेरा, सगळे कागद दिले. काउंटरवरच्या पोराने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, “काका, तुमच्या नावावर एनपीए दिसतोय.” मी म्हटलं, माझं सगळं पीककर्ज भरलेलं आहे. तो म्हणाला, “पीककर्ज नाही, एज्युकेशन लोन.” त्याचं काही चुकलं नाही, त्याच्या पडद्यावर जे होतं ते त्याने सांगितलं. पण मुख्यमंत्री बँकांना सांगतात की शेतकऱ्याला सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारी पत, मागू नका, आणि बापाचं सिबिल पोराच्या शिक्षणाने खराब झालं म्हणून पेरणीचा पैसा अडतो, हे दोन्ही एकाच राज्यात चालू आहे. बियाणं-खत उधारीवर आणलं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या सोयाबीनचं काय झालं ते तुम्ही येऊन पाहिलंच आहे.

तिसरी, वसुलीची. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. फोन रात्री येतात. मुलाला येतात, मला येतात, माझ्या मेव्हण्याला येतात; त्याचा तर कर्जाशी काही संबंध नाही. लोकअदालतीची नोटीस आली तेव्हा मी जिल्हा न्यायालयात गेलो होतो. व्हरांड्यात प्रत्येक बँकेचं टेबल मांडलेलं, टेबलावर थकबाकीदारांच्या याद्या, आणि समोर बाकांवर माझ्यासारखे आईबाप. शैक्षणिक कर्जवाले किती होते म्हणून सांगू! एका बाईने सांगितलं, मुलीचं कर्ज, मुलीचं लग्न झालं, एजंटाने तिच्या सासरी फोन केला. ती बाई हे सांगताना आवाज खाली करत होती, कारण शेजारी तिच्याच गावचा माणूस बसला होता. टेबलावरच्या साहेबांनी मला तडजोडीचा आकडा दिला. साडेतीन लाख एकरकमी भरा, बाकीचं बँक सोडेल. एकरकमी साडेतीन लाख असते तर मी तिथे गेलो असतो का? शिवाय तडजोडीने खातं बंद केलं तर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि पोराला पुढे घरकर्जालाही बँका दारात उभं करत नाहीत. हे साहेबांनी सांगितलं नाही, मागून एका वकिलाने सांगितलं.

चौथी तक्रार कायद्याची आहे, आणि तुम्ही कायदे करणारे आहात म्हणून तिच्याकडे खास लक्ष द्या. नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६. कंपनी बुडाली तर तिची प्रक्रिया होते, बँका मोठी घट सोसतात, कंपनी नव्या मालकाकडे जाऊन पुन्हा उभी राहते. व्यक्तींसाठीचा भाग सामान्य माणसाला अजून लागू केलेला नाही. पण त्यात काय लिहून ठेवलंय ते वाचा. कलम ७९ च्या पोटकलम १५ मध्ये ‘वगळलेली कर्जं’ सांगितली आहेत, म्हणजे माणूस नादार ठरला तरी ज्यांतून सुटका नाही अशी देणी. न्यायालयाने केलेला दंड, कसुरीबद्दलची नुकसानभरपाई, पोटगी, आणि त्यांच्याच रांगेत विद्यार्थ्याचं कर्ज. धंद्यासाठी घेतलेल्या, गाडीसाठी घेतलेल्या कर्जाला वाट आहे. शिकण्यासाठी घेतलेल्याला नाही. हे संसदेत मंजूर झालं तेव्हा महाराष्ट्रातून कोणी उठून विचारलं का, की पोराने असा काय गुन्हा केला?

२०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जं निर्लेखित केली, ही माहिती सरकारनेच संसदेत दिली. निर्लेखित म्हणजे ताळेबंदातून काढलेली, माफ नव्हे, वसुली चालू राहते, हे अर्थमंत्री प्रत्येक वेळी सांगतात आणि ते खरं आहे. मी त्याला माफी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की ताळेबंद स्वच्छ करायचा म्हणून एवढी सोय लावणाऱ्या व्यवस्थेला चार लाखांच्या कर्जदाराशी बोलायला रात्रीचा एजंटच का सुचावा?

आता दुसऱ्या बाजूचं. माफीला विरोध करणारे सगळेच काही गरिबांचे वैरी नसतात. आमच्या गावातली अर्धी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं दहावीच्या पुढे जात नाहीत. त्या माणसाने काडेपेटी घेतली तरी कर भरला जातो, आणि त्या करातून इंजिनिअर झालेल्याचं कर्ज का फेडायचं, असं तो विचारील तर त्याला उत्तर दिलं पाहिजे. म्हणून मी सरसकट माफी मागत नाही. जे शिक्षण घेतलं त्याचं मुद्दल फेडलं पाहिजे, आणि माझा मुलगाही तेच म्हणतो. पण पाच वर्षांचं व्याज हे शिक्षण नाही, आणि नोकरी नसताना मागितलेला हप्ता हा न्याय नाही.

माफी दिली की लोक फेडायचं सोडतात, हा दुसरा आक्षेप. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत माझं पीककर्ज माफ झालं. तेव्हा मी थकबाकीत होतो. माफीनंतर खातं मोकळं झालं, नवं कर्ज मिळालं, ते मी मुदतीत भरलं, पुढचंही भरलं. आमच्या सोसायटीत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. अडकलेला माणूस मोकळा झाला की फेडतो, हे मी ऐकीव सांगत नाही.

आणि ज्यांनी पोट मारून वेळेवर हप्ते भरले त्यांचं काय? हा आक्षेप सगळ्यांत रास्त. पण त्याचं उत्तर आपल्याच राज्याने देऊन ठेवलंय. त्याच फुले योजनेत नियमित फेड करणाऱ्या शेतकऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम दिली. शैक्षणिक कर्जातही तसं करता येतं.

नुसत्या घोषणेने काय होतं ते अमेरिकेत दिसलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी विद्यार्थी कर्जातले दहा हजार डॉलर, गरीब घरांतल्यांचे वीस हजार डॉलर माफ करण्याचं जाहीर केलं. दीडेक कोटी लोकांचे अर्ज मंजूरही झाले. ३० जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सगळं रद्द केलं, कारण एवढी माफी द्यायला संसदेची मंजुरी नव्हती. ज्या घरांनी सुटलो म्हणून श्वास सोडला होता त्यांच्यावर पुन्हा हप्ते आले. उलट ऑस्ट्रेलियात १९८९ पासून कर्जाची फेड उत्पन्नाला बांधलेली आहे. ठरावीक कमाईच्या खाली हप्ताच नाही. तिथल्या सरकारने निवडणुकीत दिलेलं वीस टक्के कपातीचं वचन २०२५ मध्ये संसदेत कायदा करून पाळलं. मला जाहीरनाम्यातलं वाक्य नको, तुमच्या सभागृहात झालेला कायदा हवा.

तेव्हा मागण्या अशा.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या जुन्या शैक्षणिक कर्जांवरचं मोरॅटोरियममधलं व्याज सरकारने बँकांना भरावं आणि ते मुदलातून कमी करावं. उत्पन्नाची ही मर्यादा मी मनाने काढलेली नाही, पीएम विद्यालक्ष्मीचीच आहे. ज्यांनी हे व्याज आधीच फेडलं त्यांच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा व्हावी. अनुदानासाठी नॅक-एनबीएची अट घालायची तर ती प्रवेशाला घाला. सरकारी फेरीतून प्रवेश मिळालेल्या पोराला ती लावू नका.

हप्ता पगाराला बांधा. एका ठरावीक कमाईच्या खाली हप्ता शून्य, वर गेल्यावर पगाराचा ठरावीक हिस्सा, आणि नोकरी गेली तर हप्ता आपोआप थांबेल अशी सोय. खातं एनपीए करण्याआधी बँकेने कर्जदाराची कमाई विचारलीच पाहिजे, असा नियम हवा.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी २०१५ पासून केंद्राचा पतहमी निधी आहे, ७५ टक्के हमीचा. सरकार हमी देत असेल तर बापाची पत पुन्हा गहाण कशाला? अशा कर्जाची थकबाकी आईबापाच्या सिबिलवर लावू नये, आणि तिच्यासाठी कोणाचंही पीककर्ज अडवू नये. हे तर तातडीने, येत्या खरिपाच्या आत व्हायला हवं.

दिवाळखोरी संहितेच्या कलम ७९ मधून विद्यार्थी कर्जाचा उल्लेख काढून टाका. यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही, तुमच्यापैकी मंत्री नसलेलं कोणीही खासगी विधेयक मांडू शकतं.

फी आवरली नाही तर आज फेडलेलं कर्ज उद्या पुन्हा उभं राहील, हे मला कळतं. तो विषय बराचसा राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाचा आहे, त्याबद्दल आमदारांना वेगळं लिहीन. २०२४ पासून राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली त्याचा मला आनंद आहे. पण शेजारच्या घरातली लेक २०२३ मध्ये पास झाली, तिच्या कर्जाला त्या निर्णयाचा स्पर्श नाही, तिचाही विचार याच मागण्यांत करा.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी निदान एकाने अर्थमंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारावा. महाराष्ट्रात जिल्हावार किती शैक्षणिक कर्जखाती थकीत आहेत, त्यांत मुद्दल किती आणि मोरॅटोरियमचं व्याज किती, नॅक-एनबीएच्या अटीमुळे किती विद्यार्थ्यांचं अनुदान नाकारलं गेलं, आणि किती सहकर्जदार शेतकऱ्यांना त्यापायी पीककर्ज मिळालं नाही. पक्ष कोणताही असो. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि आलेलं उत्तर आम्ही गावोगावच्या ग्रामसभेत वाचून दाखवू, आणि लोकअदालतीच्या बाकावर बसलेल्या आईबापांपर्यंतही पोहोचवू.

आपला,
एक सहकर्जदार बाप
जिल्हा परभणी